नाकाआडचे दुखणे आणि नेमका किरण

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनी मंडळातल्याच एखादीने चार शब्द बोलावयाचे असा आपला पायंडा आहे. कोणी लोणच्यावर बोलते, कोणी बचतीवर. यंदा ही पाळी माझ्यावर आली तेव्हा मी प्रथम नाही म्हटले. अंगणवाडीत सत्तावीस वर्षे पोरांपुढे बोलण्याची सवय आहे, पण मोठ्या माणसांपुढे उभे राहिले की जीभ टाळ्याला चिकटते. मग कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुमच्या घरच्यांच्या दुखण्याविषयीच बोला. गावात त्याविषयी काय काय बोलले जाते ते तुम्हांला ठाऊक आहे." ठाऊक आहे, म्हणूनच उभी राहिले.

मी डॉक्टरीण नव्हे. आज जे सांगणार आहे ते मुंबईच्या सहा आठवड्यांत एका शंभर पानी वहीत लिहून घेतलेले आहे. जे समजले नाही ते डॉक्टरांना पुन्हा विचारले, आणि त्यांनीही न कंटाळता सांगितले. पुढे वाचनाने थोडी भर पडली.

आपले नाक म्हणजे दिसते तेवढेच नव्हे. त्याच्या आजूबाजूला हाडांत पोकळ्या आहेत. दोन्ही गालांत एकेक मोठी, डोळ्यांच्या मधोमध लहान लहान कप्प्यांचा एक पुंजका, कपाळात दोन, आणि अगदी मागे, मेंदूच्या तळाशी आणखी एक जोडी. जुन्या वाड्यात भिंतीत कोनाडे असावेत तशा. यांना सायनस म्हणतात. हा शब्द आपल्याकडे २०२१ साली घरोघरी झाला, कारण करोनाच्या पाठोपाठ ती काळी बुरशी आली आणि तिने याच पोकळ्या धरल्या. मराठवाड्यात कित्येकांचे जबडे नि डोळे तिच्यापायी गेले.

आमच्या घरचे दुखणे त्याच वर्षी सुरू झाले. यांचे नाक डाव्या बाजूने बंद राहू लागले. सुतारकामाचा धंदा, सागाची नि बाभळीची धूळ जन्मभर नाकात गेलेली, तेव्हा सर्दी आम्हांला नवी नव्हती. पण गावात बुरशीची दहशत होती म्हणून तपासणी करवून घेतली. बुरशी नाही असे कळले. त्या दिवशी मी राजूरच्या गणपतीला नारळ कबूल केला आणि आम्ही निश्चिंत झालो. तीच आमची चूक झाली. बुरशी नाही एवढेच कळले होते, मग आहे काय हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

पुढचे आठ महिने असे गेले. एका दवाखान्यातून सर्दीची औषधे आली. मी ओव्याचा वाफारा देत राहिले. डावा डोळा पाणावू लागला, तर वाटले धुळीने असेल. मग वरची डाव्या बाजूची दाढ हलू लागली. दुसऱ्या गावी जाऊन ती काढली, तर तिची जखम महिनाभर भरेना. दातवाल्याचाही फार दोष म्हणता येत नाही. हलती दाढ घेऊन आलेल्या माणसाच्या गालाच्या पोकळीत काय आहे हे तोंडात पाहून दिसत नाही. शेवटी डाव्या गालाला बधिरपणा आला. दाढी करताना वस्तरा लागून रक्त आले तरी यांना कळले नाही, तेव्हा मात्र मुलगा घाबरला.

पण बायांनो, मला त्या आधी कळावयास हवे होते. कसे, ते सांगते. यांचे रुमाल मी धूत होते. सकाळच्या रुमालावर शेंबडात रक्ताची तार असे. रोज नसे, पण असे. मी साबण लावला, चोळला, दोरीवर टाकला. आठ महिने! नाक फुंकणारा माणूस रुमाल घडी करून खिशात घालतो, तो उलगडून पाहत नाही. उलगडून पाहणारी, धुणारी, आपण.

छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेस, सी.टी. स्कॅन झाला, नाकातून दुर्बीण घालून तुकडा काढला, आणि गालाच्या पोकळीचा कर्करोग असे निदान आले. डॉक्टर म्हणाले, हा रोग फार विरळा. लाख माणसांत वर्षाला एखाद्यालाही पुरता होत नाही. डोक्या-मानेच्या साऱ्या कर्करोगांत शंभरात तीनएक याचे. तोंडाचा नि घशाचा कर्करोग तंबाखूमुळे आपल्याकडे उदंड, त्या गर्दीत हा लपून राहतो. शिवाय पोकळी रिकामी असते. गाठीला वाढावयास ऐसपैस जागा मिळते, आणि ती भिंतीला टेकेपर्यंत दुखत नाही. म्हणून बहुतेक रोगी उशिराच पोचतात.

मी विचारले, "लाकडाच्या धुळीने झाले का हो?" त्यावर मिळालेले उत्तर मला आवडले, कारण ते सरळ होते. इंग्लंडात हाय विकम नावाचे खुर्च्या बनविणाऱ्यांचे गाव आहे. तेथे एस्मे हॅडफिल्ड नावाची नाक-कान-घशाची बाई डॉक्टर होती. एवढा विरळा रोग आपल्याच गावच्या सुतारांना इतका कसा होतो, हे १९६० नंतरच्या वर्षांत तिच्या ध्यानात आले. तिने नि तिच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, आणि १९६९ साली ब्रिटनमध्ये लाकूडकाम करणाऱ्यांचा हा रोग धंद्यामुळे होणारा रोग म्हणून मान्य झाला. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरविली. परंतु धुळीने होणारा प्रकार बहुधा डोळ्यांमधल्या कप्प्यांत होतो, यांचा गालातला आणि वेगळ्या जातीचा. "तेव्हा काकू, लाकडाला दोष द्यावा असे मला छातीठोक सांगता येणार नाही," असे डॉक्टर म्हणाले. तरी मुलाने त्याच आठवड्यात रंधायंत्राला धूळ ओढणारा पंखा बसविला, आणि तो स्वतः तोंडा-नाकाला पट्टी बांधल्याशिवाय करवत लावीत नाही. सुतार आळीत आणखी दोघांनी तसे केले आहे, बाकीच्यांनी अजून केलेले नाही.

पुढचा उपचार मुंबईस परळला झाला. परळच्या टाटा रुग्णालयाची एक गोष्ट या मंडळात सांगण्यासारखी आहे. मेहेरबाई टाटा या स्त्रियांच्या संघटनांत पुढाकार घेणाऱ्या बाई होत्या. रक्ताच्या कर्करोगाने १९३१ साली त्या गेल्या. परदेशातले उपचार मिळत असूनही गेल्या. पाठोपाठ वर्षभरात त्यांचे यजमान सर दोराबजी गेले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. तेथल्या प्रयोगशाळेची घडी बसविली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर या मराठी माणसाने. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते दाखविणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या संशोधकांत ते होते. त्यांचा जन्म १८९५ चा. आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. पुढे दीड महिन्याने त्यांनी आपल्या बायकोच्या हाताचे चित्र त्या किरणांनी काढले. त्यात बोटांची हाडे नि अंगठी एवढेच दिसते. ती बाई म्हणे ते पाहून घाबरली. मला तिचे फार समजते.

त्याच क्ष-किरणांचा मोठा, जोरकस भाऊ म्हणजे यांना दिलेला किरण. त्याला यंत्रात कोणतेही किरणोत्सर्गी द्रव्य लागत नाही. विजेच्या बळावर सूक्ष्म कण धातूवर आदळवून किरण निर्माण करतात आणि बटण बंद केले की किरण बंद. म्हणजे रोग्याच्या अंगात काहीएक शिल्लक राहत नाही. हे मी मुद्दाम सावकाश सांगते आहे. आम्ही परत आलो तेव्हा आळीतल्या काही घरांनी आपली मुले आमच्या ओट्यावर येऊ दिली नाहीत, "करंट दिलेला माणूस आहे" म्हणून. मी कोणाचे नाव घेत नाही, आज त्या बहिणी येथे बसल्या आहेत आणि पुढे त्यांनीच आमच्याकडे भाकऱ्या पोचविल्या. पण या माणसाला पोरांचा फार लळा, आणि त्या दोन महिन्यांत तो ओट्यावर एकटा बसून राही. कर्करोग लागट नाही. किरण अंगाला चिकटून येत नाहीत.

आता नेमकेपणाची गोष्ट. आधी शस्त्रक्रिया झाली. डावा वरचा जबडा, टाळूचा भाग आणि गाठ काढली. टाळूच्या भोकाला दातांच्या कवळीसारखी एक पट्टी बसविली, ती काढली तर पाणी नाकावाटे येते. जखम भरल्यावर, राहिलेसाहिलेले बीज मारण्यासाठी, किरणोपचार. अडचण अशी की ज्या जागी किरण द्यावयाचे तिच्या डोक्यावर डोळा, डोळ्यामागे दृष्टीची शीर, त्यामागे मेंदू, आणि शेजारी लाळेच्या ग्रंथी. किरणांचे माप ग्रे या नावाने मोजतात. यांना साठ ग्रे द्यावयाचे होते, आणि दृष्टीची शीर साधारण चोपन्नापलीकडे धोक्यात येते. बोटाच्या पेराएवढ्या अंतरात इतका फरक साधावयाचा! पूर्वीच्या काळी समोरून नि बाजूने दोन-तीन रुंद झोत देत, त्यात डोळा सापडेच. रोग बरा झाला तरी त्या बाजूची दृष्टी कित्येकांनी गमावली. डॉक्टरांचाही इलाज नव्हता, गाठ कोठवर आहे हे दिसतच नसे.

आताच्या पद्धतीत सी.टी. नि एम.आर.आय. ची चित्रे एकावर एक ठेवतात. मग डॉक्टर संगणकावर काप काप करून, वांग्याच्या चकत्या पाहाव्यात तशा, प्रत्येक चकतीवर रेघ ओढतात. ही गाठीची जागा, हा डोळा, ही शीर, ही ग्रंथी. मग भौतिकशास्त्र शिकलेली माणसे गणित बसवितात. यंत्राच्या तोंडाशी जड धातूच्या पातळ पट्ट्या असतात, फणीच्या दातांसारख्या. प्रत्येक पट्टी स्वतंत्र सरकते. यंत्र डोक्याभोवती फिरते, पट्ट्या उघडमीट करतात, आणि अनेक दिशांनी आलेले हलके हलके झोत गाठीच्या जागी एकवटतात. आमच्याकडे पाटाचे पाणी धरताना या वाफ्याचे दार उघडायचे नि त्याचे मातीने बुजवायचे असते, तसेच. दारे धरणारा चुकला तर मिरची सडते नि ऊस कोरडा राहतो.

या आखणीला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी मनातून फार चिडले होते. धर्मशाळेत दिवस मोजावयाचे, आणि तिकडे यंत्र चालू असून आपला नंबर नाही! नंतर कळले की ते आठ दिवस म्हणजेच यांचा डोळा.

डोके हलू नये म्हणून मुखवटा करतात. पांढऱ्या जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा ऊन पाण्यात मऊ करून तोंडावर पसरतात. पापडाच्या लाटीसारखा तो नाकडोळ्यांवर बसतो आणि थोड्याच वेळात टणक होतो. मग रोज तोच मुखवटा घालून, फळीला खटके लावून रोग्याला निजवावयाचे आणि सारी माणसे खोलीबाहेर. पहिल्या दिवशी हे इतके घाबरले की हातपाय झाडले. तेथला तरुण तंत्रज्ञ आत जाऊन म्हणाला, "काका, तुम्ही चौकट बसविताना ओळंबा हलू देता का? मग आम्हांलाही हलू देऊ नका." तेव्हापासून यांनी एकदाही हलवले नाही. रोज झोत देण्याआधी यंत्रच एक चित्र घेऊन जागा ताडून पाहते, फरक वाटला तर फळी सरकविते.

एकूण तीस बैठका, आठवड्यातून पाच दिवस. किरण लागताना काही कळत नाही, उजेडही दिसत नाही. कळू लागते ते दोन आठवड्यांनी. तोंड आले, चव गेली, लाळ चिकट झाली, गाल काळवंडला. आमच्या मराठवाड्याच्या माणसाला ठेच्याशिवाय घास उतरत नाही, आणि येथे मिठाचा खडासुद्धा झोंबे. मी ज्वारीची आंबील गाळून दिली, मुगाचे कढण दिले, पातळ भातात तूप घालून दिले, अंडे दुधात फेटून दिले. सर्व कोमट. दिवसातून आठ वेळा थोडे थोडे. वजन उतरले तर मुखवटा सैल होतो आणि नेम चुकतो, हे आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितल्यावर मी चमचा हातात घेऊन पाठीस लागले. मिठासोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, नाक मिठाच्या पाण्याने धुणे, आणि जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम. आइसक्रीमच्या काड्या एकीवर एक रचून दातांमध्ये धरावयाच्या, दर काही दिवसांनी एक वाढवावयाची. दात मात्र किरणांच्या आधी तपासून घ्यावे लागतात. किडका दात नंतर काढला तर हाड भरून येत नाही.

आणि मग पोळा आला. २०२२ चा पोळा. अठरा बैठका झाल्या होत्या, बारा राहिल्या होत्या. हे म्हणाले, "मी घरी जातो. बैलांच्या अंगाला हात लावतो, चार दिवसांत परत येतो." मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, मधे खंड पडला की राहिलेल्या पेशी पुन्हा डोके वर काढतात, एकेक दिवसही मोलाचा असतो. मी यांना जाऊ दिले नाही. आम्ही धर्मशाळेच्या जिन्यात बसून भांडलो, तोंडात फोड आलेला माणूस भांडणार तरी काय, तो रडला. संध्याकाळी मुलाने फोनवर बैल दाखविले, शिंगे रंगविलेली, झूल घातलेली. यांनी त्या फोनच्या काचेवर हात फिरविला. माझ्या संसारात मी यांच्या मनाविरुद्ध इतकी कठोर दुसऱ्या कोणत्याच वेळी झाले नव्हते. बरोबरीने आलेल्या एका कुटुंबाने आपला माणूस सणाला गावी नेला, त्यांचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.

याहून नेमका एक किरण आहे, प्रोटॉनचा. क्ष-किरण शरीरातून आरपार जातो, आणि वाटेत, पुढे, मागे थोडाथोडा सांडत जातो. फाटक्या पोत्यातून बैलगाडीच्या वाटेवर ज्वारी सांडत जावी तसा. प्रोटॉन हा जड कण. तो आपले बहुतेक बळ ठरावीक खोलीवर टाकतो आणि तेथेच थांबतो. त्याच्या पलीकडे जवळजवळ काही जात नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट विल्सन या शास्त्रज्ञाने १९४६ सालीच हा उपाय सुचविला होता. आपल्या देशात तो प्रथम २०१९ साली चेन्नईच्या एका खाजगी रुग्णालयात आला, आणि २०२३ साली टाटाच्याच नवी मुंबईतल्या खारघर केंद्रात सुरू झाला. यांच्या वेळी फक्त चेन्नईच होते आणि खर्च आमच्या आटोक्याबाहेरचा. मी डॉक्टरांना म्हटले, शेत विकू काय? ते म्हणाले, विकू नका. गाठ पुरती निघाली आहे, डोळ्यापासून अंतर राहिले आहे, याच यंत्राने काम होईल. गाठ मेंदूच्या तळाशी भिडलेली असेल किंवा रोगी लहान मूल असेल, तर प्रोटॉनचा फायदा मोठा. नाकाच्या रोगात तो सरस ठरतो असे काही अभ्यास सांगतात. पण रोगच विरळा, रोगी थोडे, म्हणून दोन्हींची समोरासमोर मोठी पारख झालेली नाही. महाग ते चांगलेच असे मानण्याची आपली खोड आहे, ती अशा वेळी शेत घेऊन जाते.

खर्चाचे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया नि किरणोपचार बसतात, रेशनकार्ड नि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राला भेटावे. रेल्वेत कर्करोग्याला सवलत आहे, फॉर्म रुग्णालयातूनच भरून मिळतो. जालन्याहून रात्रीची देवगिरी धरली की सकाळी दादर. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. आणि सारेच मुंबईला जावे लागते असेही नाही. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात २०१२ पासून उपचार होतात, किरणोपचारसुद्धा. विरळ्या रोगाचा सल्ला मोठ्या ठिकाणी घ्यावा आणि रोजचे किरण जवळ मिळत असतील तर जवळ घ्यावेत, असे मला अनुभवाने वाटते.

आज यांचा डावा डोळा आहे. कोरडा पडतो, दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात, पुढेमागे मोतीबिंदू होईल असे सांगितले आहे. पण त्या डोळ्याने पेपर वाचतात. वास मात्र गेला. भाजी करपली तर यांना कळत नाही, आणि सागाचा वास येत नाही याचे यांना भाजीपेक्षा फार वाईट वाटते. बोलणे जरा नाकातून येते. दर काही महिन्यांनी दुर्बिणीने तपासणी असते. पाच वर्षे पुरी व्हावयाची आहेत, तोवर बरा झाला हा शब्द डॉक्टर वापरीत नाहीत, म्हणून मीही वापरीत नाही.

एका बाजूचेच नाक तीन आठवडे बंद, त्यातून रक्ताची तार, एकाच डोळ्याला पाणी, वरची दाढ उगीच हलणारी, गाल बधिर किंवा फुगलेला. यांतले काही दिसले तर बहुधा ते साधेच काही निघेल. तरी नाक-कान-घशाच्या डॉक्टरला दुर्बिणीने आत पाहावयास सांगा. जालन्यास वा घाटीत ते होते, आणि थोड्या वेळाचे काम आहे.

कोणाला काही विचारावयाचे असेल तर चहाच्या वेळी मी त्या खांबाजवळ बसते. वही आणली आहे. यांचा तो मुखवटाही पिशवीत आहे, ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी हातात घेऊन पाहावा. तो टाकून द्यावा असे मुलगा म्हणतो, पण यांनी तो कारखान्यात ओळंब्याच्या खिळ्याला टांगून ठेवला होता, आजच्यापुरता मी मागून आणला आहे.